देश 'क'मधून सुटका

देश 'क'मधली परिस्थिती सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बिघडणार होती. तसं वेळापत्रकातच छापलेलं होतं, आणि तोवर चहा होता. महाळुंग्यातल्या एका बंद पडलेल्या ट्रकयार्डात जवानांनी चुन्याच्या फक्कीनं अख्खं विमान आखलं होतं, पंखांसकट, शेपटीसकट, आणि त्या विमानाच्या पोटात एक खरी बस उभी केली होती, कारण फक्कीच्या रेघेवर बसता येत नाही. यार्डाची अलीकडची बाजू म्हणजे देश 'क'. ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या पलीकडची पत्र्याची शेड म्हणजे देश 'ख', तिथं सुरक्षितता आणि पुरी-भाजी. मधे समुद्र होता. समुद्रात एक कुत्रं झोपलं होतं. परदेशात अडकलेली आपली माणसं सैन्यानं कशी उचलून आणायची याची ही तालीम होती, आणि त्यासाठी लागणारी अडकलेली माणसं कुरुळीच्या दादासाहेबानं पुरवली होती. दादासाहेब हा लेबर कॉन्ट्रॅक्टर. एरवी तो कंपन्यांना हेल्पर पुरवतो. माणसं तीच, आज फक्त ती घाबरलेली हवी होती. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड होतं आणि आपण कोण आहोत ते कार्डावर वाचून घ्यायचं होतं. कोंडीराम ओव्हाळ हा नागरिक क्रमांक एक्केचाळीस होता: पुरुष, वय पन्नास, मधुमेह, पासपोर्ट हरवलेला. मधुमेह त्याला खरोखरच होता, त्यामुळे कार्ड विचारपूर्वक केलंय असं त्याला वाटलं आणि त्यानं घरून आणलेलं केळं सोलायला घेतलं. त्याच्या बायकोच्या, कस्तुराच्या कार्डावर लिहिलं होतं: स्त्री, गर्भवती, सातवा महिना. कस्तुराला एकोणपन्नासावं सरत होतं. बायका हसल्या, तसा दादासाहेब लगबगीनं आला. "वैनी, बदलून देतो थांबा. तुमाला किरकोळ जखमी देतो, चांगलंय, पट्टी बांधत्यात अन् पडून ऱ्हायचं." कस्तुरानं कार्ड दोनदा वाचलं आणि पदराखाली सरळ केलं. "राहू द्या," ती म्हणाली. "मिळालं ते मिळालं."

दादासाहेबानं या दोघांना बोलावलं नव्हतं. त्याच्या यादीत ती बसतच नव्हती. कोणत्या तोंडानं बोलावणार होता. चौदा महिन्यांपूर्वी कोंडीरामचा मुलगा सनी असाच एका देशातून यायचा होता, आणि आला तो लाकडी खोक्यातून. पण कोंडीरामनं स्वतः जाऊन नाव घातलं, आणि ते ऐकून कस्तुरा म्हणाली, मी बी येते, कसं आणतेत ते मला बघायचंय. का आलो हे कोंडीरामला सांगता आलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रिल घेतली, कुणीतरी आपली घ्यावी, असं काहीतरी असेल. ते असो. केळ्याचा पहिला घास तोंडात असतानाच कॅप्टन विजयश्री भोंगा घेऊन स्टुलावर उभ्या राहिल्या. तिशीच्या आतबाहेरची पोरगी, बोलणं साताऱ्याकडचं, उन्हानं नाक सोललेलं. कुणी पळायचं नाही, खरं रडायचं नाही, गाडीतून आणलेलं सामान इथंच ठेवायचं, असं सगळं त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाल्या, "मोजणी विमान सुटल्यावर. नीट ऐका. एक माणूस कमी आहे म्हणून बाकीची सत्तर थांबवायची नाहीत. जो आला नाही त्याचं नाव लिहून घ्यायचं, दुसऱ्या फेरीत बघायचं. भरायचं आणि निघायचं."

केळं गिळायला अवघड वस्तू नाही. तरी ते मधेच थांबलं. कोंडीरामनं हात वर केला, अगदी शाळेतल्यासारखा, आणि आपण काय बोलतोय हे कळायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, हेडकाउंट जुळल्याशिवाय असेंब्ली पॉइंट सोडायचा नसतो."

कॅप्टननी भोंगा खाली केला. "काका, कंपनीत सेफ्टीला आहात?"

"व्हय. एकोणीस वर्षं."

"मग तुमचं बरोबरच आहे," त्या हसून म्हणाल्या. "पण तो आगीचा नियम, काका. आग शेडमध्ये असते. तुम्ही बाहेर मैदानात आलात की वाचलात. मग उभं राहून निवांत मोजा. लढाईत मैदानच पेटलेलं असतं. तिथं मोजत थांबला तो गेला." आणि त्यांनी भोंगा पुन्हा तोंडाला लावून पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवल्यात ते सांगितलं.

एवढंच. ती बाई वाईट बोलली नव्हती, उलट तिनं त्याला बरोबरसुद्धा म्हटलं होतं. साखर त्या डब्यात नाही, या डब्यात आहे, इतक्या साध्या सुरात तिनं ते सांगितलं, आणि कोंडीराम अर्धं केळं हातात धरून उभा राहिला. एकोणीस वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणच नव्हतं. महाळुंग्याच्या कंपनीत दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी अकराला भोंगा व्हायचा आणि चारशे माणसं हातातलं टाकून गेटजवळच्या हिरव्या पाटीखाली जमायची. जमायची म्हणजे आरामात यायची. भोंगा म्हणजे ड्रिल, ड्रिल म्हणजे उभ्या उभ्या विश्रांती, हे सगळ्यांना पाठ होतं. पेंट शॉपची माणसं तर चहाचे कप घेऊनच आगीतून बाहेर पडत. एकदा खरंच वेल्डिंगच्या बूथला आग लागली तेव्हा लोकांनी त्याला येऊन विचारलं होतं, ओव्हाळसाहेब, आज तर सोमवार आहे. त्या सगळ्या गमतीत एकच गोष्ट कोंडीरामनं गमतीची होऊ दिली नव्हती, ती म्हणजे हेडकाउंट. लाइनवाइज रांगा, रजिस्टरशी ताळा, आणि एक जरी माणूस कमी असला तरी कुणी जागचं हलायचं नाही, मॅनेजर असला तरी नाही. माणूस संडासात सापडायचा, नाहीतर टपरीवर. एकदा एक जण चक्क रजेवर होता आणि चारशे माणसं त्याच्यासाठी पंचवीस मिनिटं उन्हात उभी होती. लोक शिव्या घालायचे. कोंडीरामला त्या शिव्या आवडायच्या. उदगीरहून ट्रकमध्ये बसून आलेल्या, दहावी नापास माणसाच्या शब्दाखातर चारशे माणसं हलत नाहीत, ही काही लहान गोष्ट नव्हती. आणि त्याच्यामागे एक स्वच्छ विचारही होता, की माणूस मागे सोडायचा नाही. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली कंपनीनं दिलेलं सेफ्टीचं प्रमाणपत्र अशी मांडणी त्यानं केली होती. दोन्हींत त्याला काही विसंगत वाटत नव्हतं.

सनी आयटीआय करून त्याच कंपनीत ट्रेनी लागला तेव्हा ड्रिलमधला जखमी कायम तोच असायचा. अंगानं हलका, स्ट्रेचरवर न्यायला बरा. बापानं लावलेल्या लाल रंगात निपचित पडायचा आणि नेणाऱ्यांच्या कानात हळूच म्हणायचा, "कँटीनच्या बाजूनं घ्या ना राव." तीन वर्षांत तो छत्तीस वेळा वाचवला गेला. पुढे परमनंट काही झाला नाही, आणि परदेशात बाटल्या भरायच्या कारखान्यात फिटरची जागा निघाली तेव्हा गेला. देशाचं नाव कस्तुराला आजही नीट घेता येत नाही. ती 'तिकडं' म्हणते. तिकडं जाऊन चार महिन्यांत त्यानं फोटो पाठवला: लेबर कॅम्पच्या पटांगणात एक हिरवी पाटी, स्वतः रंगवलेली, आणि तिच्याखाली वेगवेगळ्या गावांची एकसष्ट पोरं ओळीत. खाली लिहिलं होतं, बाबा, तुमची ब्रँच उघडली. कोंडीरामनं तो फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकला होता. सत्तेचाळीस अंगठे आले होते.

नऊ दहाला फटाके वाजले. परिस्थिती बिघडली. दादासाहेबाची माणसं घाबरायला लागली, त्यातली काही चांगलीच. महाळुंग्याच्या एका बाईनं असा हंबरडा फोडला की जवानसुद्धा दचकले, मग ती पदराआड हसली. सगळ्यांना रांगेनं प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे आणि तिथून नोंदणीच्या टेबलाकडे नेत होते. कोंडीराम रांगेत पुढे सरकत होता आणि त्याला वाटत होतं की आपण चालत नाही, रांगच आपल्याला कन्व्हेअरवरच्या डब्यासारखी पुढे नेते आहे. लढाईत मैदानच पेटलेलं असतं. हे वाक्य आता त्याच्या डोक्यात कुणाच्याच आवाजात नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी पहिला बुधवार होता, कंपनीतली ड्रिल चालू होती, चारशे माणसं रांगेत आणि तो समोर, तेव्हा सनीचा फोन आला होता. मागे कसलेतरी आवाज होते. त्याला वाटलं, तिथंही ड्रिलच असणार. "बाबा, बस आलीये आम्हाला न्यायला. आम्ही पाटीखाली हाय. एक कमी भरायलाय. बंटी दिसंना." बंटी म्हणजे भोसरीचा इलेक्ट्रिशियन, एक नंबरचा झोपाळू, हे सनीच्या जुन्या फोनांवरून कोंडीरामला माहीत होतं. "ड्रायव्हर थांबंना म्हणतोय. काय करू?" आणि कोंडीरामनं, चारशे माणसांच्या समोर उभ्या असलेल्या कोंडीरामनं, जे वर्षानुवर्षं सांगत आला तेच सांगितलं. हेडकाउंट जुळल्याशिवाय हलायचं न्हाई. रूममध्ये बघ. सनी म्हणाला होता, बरं. मग फोन बंद झाला.

बंटी रूममध्ये नव्हता. बंटी पहिल्याच बसनं गेला होता, कुणाला न सांगता, ड्रायव्हरशेजारी जागा मिळते म्हणून. तो आता मोशीला शाळेची व्हॅन चालवतो. महिनाभरानं भेटायला आला तेव्हा कोंडीरामच्या पायावर डोकं ठेवून म्हणाला होता, "काका, सनीदादा मला शोधायला आत गेला म्हणत्यात. मी तर बसमधी झोपलो होतो ओ." त्या पोराचं काय चुकलं. कोंडीरामनं त्याला चहा पाजला आणि सांभाळून चालव म्हणाला. खोकं आलं तेव्हाही तो असाच होता. विमानतळाच्या मालधक्क्यावर माणसं रडत होती आणि त्याची नजर खोक्याच्या फळीवर उमटवलेल्या शिक्क्यावर गेली होती. चाकणला हजार वेळा बघितलेला तोच शिक्का, लाकूड भट्टीत तापवून कीड मारलेलं आहे असं सांगणारा, कारण त्याशिवाय माल देशाबाहेर जात नाही. पॅकिंग चांगलं केलंय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ते मनात आल्याची लाज त्याला अजून पुरत होती.

आणि यातलं कस्तुराला काहीच माहीत नव्हतं. बंटीला शोधायला सनी आत गेला आणि तेवढ्यात कॅम्पवर बॉम्ब पडला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. माझा लेक दुसऱ्याला वाचवायला गेला, असं ती सांगायची. कुणाच्या सांगण्यावरून गेला हे कुणाला माहीत नव्हतं. कस्तुराच्या हिशेबी सनीचा शेवटचा फोन तिला आला होता, आदल्या संध्याकाळी. तिकडं त्याच्या कुकरची शिट्टी होत नव्हती. रबर काढून उलटं घाल, ती म्हणाली होती. त्यानं फोन चालूच ठेवला, खडखड केली, आणि थोड्या वेळानं शिट्टी ऐकू आली, सातासमुद्रापलीकडची, आणि तो म्हणाला, "झाली बघ आई." हे ती चौदा महिने सांगत होती. वस्तीतल्या बायकांना, विहारात आलेल्या पाहुण्यांना, भांड्यांच्या दुकानात रबर घेताना दुकानदाराला. शेवटचं माझ्याशीच बोलला. झाली बघ आई, म्हणला. सांगताना तिचा चेहरा निवायचा. कोंडीराम शेजारी बसून मान हलवायचा. तिच्याकडे आता एवढंच आहे, ते आपण काढून घ्यायचं नाही, असं तो स्वतःला बजावायचा, आणि त्यात आपलंही झाकलं जातं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. चांगुलपणा आणि भीती एकाच डब्यात ठेवली की दोन्हींना एकच वास येतो.

"नाव?" टेबलामागचा जवान म्हणाला. नगरकडचा असावा.

"कोंडीराम ओव्हाळ. एक्केचाळीस."

"सोबत कोण?"

"बायको. ही काय." आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं. "आन मुलगा."

"नाव सांगा."

"सनी कोंडीराम ओव्हाळ."

"वय?"

इथं कोंडीराम थोडा अडला. चौदा महिन्यांत माणसं एखाद्या वर्षानं वाढतात, सगळी नाही. "सव्वीस," तो म्हणाला.

"कार्ड नंबर काय त्याचा?"

"त्याला कार्ड न्हाई."

जवानानं यादी वरखाली केली. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. अशा तालमीत वरचे साहेब मधेच गुपचूप काहीतरी घुसवतात, एखादा बेशुद्ध, एखादा भांडखोर, आणि खालचे लोक काय करतात ते बघतात; हा त्यातलाच प्रकार, हे त्यानं ओळखलं. तो शेजारच्याला हळूच म्हणाला, "आला बघ, हरवलेला माणूस आला," आणि वायरलेसवर त्यानं कळवलं: एक नागरिक बेपत्ता, पुरुष, सव्वीस, नाव सनी. पुढे मग सगळं फार शिस्तीत झालं. चार जवान पळत निघाले. देश 'क'मधली शौचालयं बघितली गेली. टायरच्या ढिगामागे बघितलं. दोघं जण जुन्या कंटेनरवर चढले. आणि भोंग्यातून हाक सुरू झाली, एकसारखी, न चिडता, "सनी ओव्हाळ, जिथं असाल तिथून आवाज द्या. सनी ओव्हाळ." समुद्रातलं कुत्रं उठून बसलं.

दादासाहेब धावत आला. त्याच्या गळ्यात 'पत्रकार' असं कार्ड होतं. "काय केलंस भावा हे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "थांब, मी जाऊन सांगतो मॅडमला."

"नको," कोंडीराम म्हणाला.

"आरं पण ते खरंच शोधायला लागल्यात."

"शोधायलेत तर शोधू दे की. इतकी माणसं हायत."

दादासाहेबानं टोपी काढली आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. कोंडीराम खुर्चीवर बसला. शेजारच्या खुर्चीवर कस्तुरा बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात पोटावर, कार्डाप्रमाणे की तशीच ते कळत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. हाक ज्या बाजूनं यायची त्या बाजूला तिची मान वळत होती. पहिल्यांदा वळली तेव्हा कोंडीरामला वाटलं, आपण हे काय करून बसलो. चौथ्यांदा वळली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपल्यालाही वाटतंय, टायरच्या मागून तो लाल रंग लावलेला उठेल आणि म्हणेल, कँटीनच्या बाजूनं घ्या राव.

"कशाला सांगितलं त्याचं नाव?" कस्तुरानं विचारलं.

मग त्यानं तिला सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. पण एवढी माणसं आपल्या पोराला हाका मारत असताना खोटं बोलणं बसल्या जागी अशक्य झालं होतं. पहिला बुधवार, बस आली होती, बंटी सापडत नव्हता, मी म्हणलं हलू नको. तो हळू बोलत होता, जमिनीकडे बघून, दोन पायांच्या मधे पडलेल्या पिवळ्या केळ्याच्या सालीला सांगितल्यासारखं. त्या मॅडम म्हणल्या ते खरं हाय, कस्तुरा. नियम आगीचा व्हता. मी त्याला दुसऱ्याच संकटाचा नियम सांगितला. तो थांबला तेव्हा भोंगाही नेमका थांबला होता. यार्डात एकदम शांत झालं. पलीकडे चाकणच्या रस्त्यावर गाड्यांची नेहमीची घरघर तेवढी होती.

तो तिच्या रडण्याची वाट बघत होता. निदान तिचा हात उठण्याची. मग ती म्हणाली, "म्हणजे माझ्याशी बोलला तो शेवटचा न्हवता."

"न्हाई."

"चौदा महिने मी जगाला सांगायले, शेवटचं माझ्याशी बोलला म्हणून. तुमी बाजूला बसून मान हलवायलाव."

"तुझ्यापाशी तेवढंच व्हतं, म्हणून—"

"तेवढं तर तेवढं. पण ते खरं पाहिजे व्हतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "एक फोन तुमी लपवून ठेवला. माझ्या पोराचा एक फोन जास्तीचा व्हता, आन तुमी एकट्यानं खाल्ला."

कोंडीरामनं या शिक्षेची कधी कल्पना केली नव्हती. चौदा महिने तो एका प्रश्नाची उत्तरं जुळवत होता: तू का सांगितलंस त्याला थांबायला. तो प्रश्न तिनं विचारलाच नाही. जणू ते काय, कुणीही सांगितलं असतं. बापानं नियम सांगावा आणि पोरानं ऐकावा, असंच तर त्यांच्या घरात चालायचं. तिला दुसऱ्याच गोष्टीचं दुःख होतं, आणि ते त्याच्या दुःखापेक्षा खूप लहान होतं आणि खूप खरं होतं. त्याच्या अंगातून ताप उतरावा तसं काहीतरी उतरलं आणि त्या जागी थंडी भरली.

कॅप्टन विजयश्री समोर येऊन उभ्या राहिल्या. घामानं थबथबलेल्या. त्यांनीही हा वरच्या साहेबांचाच डाव समजला असावा, कारण त्या तालमीतल्यासारख्याच बोलल्या, पण नीट, खाली वाकून. "काका, काकू, तुमचा मुलगा आम्हाला सापडला नाही. आम्ही नाव लिहून घेतलंय. दुसऱ्या फेरीत नक्की शोधू. आता तुम्हाला बसमध्ये बसावं लागेल."

कोंडीरामला उठता येईना. बाकीची सगळी माणसं बसमध्ये बसून खिडक्यांतून बघत होती. उठलो की आपण त्याला इथं ठेवून जातोय, असं त्याला वाटलं. आणि हे वाटणं चूक आहे, याच वाटण्यानं पोरगं गेलं, हेही त्याला त्याच क्षणी कळत होतं, आणि कळून उपयोग होत नव्हता. कस्तुरा उठली. तिनं त्याच्या दंडाला धरलं, प्रेमानं नाही, पोतं उचलायला धरतात तसं, आणि ओढलं. "चला," ती म्हणाली. "त्यांनी नाव लिहिलंय."

बसमध्ये त्यांना शेवटच्या आधीची सीट मिळाली. विमान सुटलं. फक्कीचा डावा पंख चाकाखाली पुसला गेला आणि बस समुद्रावरून बैलगाडीच्या वेगानं निघाली, कारण उड्डाणाची वेळ ठरलेली होती आणि अंतर फारच थोडं होतं. पुढे कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. कस्तुरा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. काय म्हणला ते सगळं. एक शब्द गाळू नका."

त्यानं सांगितलं. बाबा, बस आलीये. आम्ही पाटीखाली हाय.

"बाबा म्हणला का पप्पा?" मोठा झाल्यावर लाडात असला की सनी पप्पा म्हणायचा.

"बाबा."

"जेवला व्हता का?"

"ते काय विचारलं न्हाई."

"पुढं."

पुढं त्यानं सांगितलं. एक कमी भरायलाय. ड्रायव्हर थांबंना. काय करू. मी म्हणलं, रूममध्ये बघ. तो म्हणला, बरं.

"आन मग फोन कोणी ठेवला?"

नेटवर्क गेलं, असं म्हणता आलं असतं. त्या देशातलं नेटवर्क तेव्हा खरोखरच जात होतं, पेपरातही आलं होतं. तो स्वतः मनातल्या मनात चौदा महिने 'फोन बंद झाला' असंच म्हणत आला होता, जसा काही फोन आपला आपण बंद होतो. बस वजनकाट्यावर चढली. काट्याची पट्टी त्यांच्या वजनानं किंचित दबली.

"मी ठेवला," कोंडीराम म्हणाला. "ड्रिल चालू व्हती. टायमिंग फोनमधीच लावलेलं, स्टॉपवॉच. साहेब टाइम विचारायले व्हते. तीन मिनिटं बावन्न सेकंद. ते मोठ्यानं सांगायचं व्हतं." आणि थांबून, कारण गाळू नका म्हणाली होती, "तो आनखी कायतरी बोलत व्हता. 'आनि बाबा' म्हणला. तेवढ्यात मी ठेवला."

बस देश 'ख'मध्ये उभी राहिली. सुटका झालेले नागरिक उतरायला लागले, जखमी आधी, मग म्हातारे, मग सगळेच एकदम, कारण पुऱ्यांचा वास आला होता. एका जवानानं आत डोकावून, काका उतरा, गाडी दुसऱ्या फेरीला परत न्यायचीये, असं सांगितलं. दोघंही हलली नाहीत. खाली दादासाहेब कॅप्टनना काहीतरी सांगत होता, टोपी अजून हातातच. ऐकता ऐकता त्यांचा हात भोंग्यावरून निसटला. मग त्यांनी ड्रायव्हरला उतरण्याची खूण केली आणि बसकडे पाठ करून त्या दारापाशी उभ्या राहिल्या. दुसरी फेरी दहा पन्नासला होती. दहा पन्नास होऊन गेले.

"'आनि बाबा' म्हणजे सांगायचं व्हतं कायतरी," कस्तुरा म्हणाली.

"व्हय."

"'आनि बाबा, गुडघ्याला तेल लावायलाव का,' आसं आसंल."

"आसंल."

"'आनि बाबा, माझी बॅग रूमवरच ऱ्हायलीये.' न्हाई, बॅग आसती त्याच्यापाशी. त्याचं सामान भरलेलं आसतंय आधीच." ती विचार करत होती, खिडकीच्या काचेवर बोट ठेवून. मग ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "'आनि बाबा, आईला सांगू नका.' आसं म्हणायचं आसंल त्याला. म्हणून तुमी सांगितलं न्हाई."

तिनं ते त्याच्यापुढे ठेवलं. घेतलं असतं तर चाललं असतं. आयुष्यभर पुरलं असतं. कोंडीरामनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तसा आवाज न्हवता."

"मग कसा व्हता?"

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. घाबरलेला नव्हता, घाईतला होता, म्हणजे घाईतलाही नाही. शब्द सापडेनात. मग त्यानं घसा खाकरला, पोराचा आवाज त्याच्यापेक्षा थोडा पातळ होता म्हणून हनुवटी जराशी वर केली, आणि रिकाम्या बसमध्ये, तोंडापाशी फोन धरल्यासारखा हात धरून म्हणाला, "आनि बाबा."

कस्तुरानं डोळे मिटले होते.

"परत," ती म्हणाली.